एक वाटण, कितीही भाज्या: घरच्या रस्साभाजीची पक्की कृती

रस्साभाजी बिघडते ती बहुतेक वेळा वाटणात. भाजी ताजी असते, मसाला चांगला असतो, तरी रस्सा एकीकडे आणि फोडी एकीकडे अशी गत होते. वर नुसतं लाल पाणी, तळाला वाटणाचा चोथा आणि पहिल्याच घासाला कच्च्या कांद्याचा उग्र वास. भाजणं आणि परतणं या दोन कामांत वाचवलेली दहा-पंधरा मिनिटं अशी ताटात दिसतात. तेवढा वेळ दिला की मग बटाटा असो, वांगं असो, शेवगा असो की भिजवलेले वाटाणे, कृती तीच राहते. बदलतो तो भाज्या कढईत टाकायचा क्रम आणि आंबट घालायची वेळ.

इथली मूळ कृती देशावरच्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची आहे. उदाहरणाला बटाटा, फ्लॉवर आणि मटार घेतले आहेत, कारण तिघांना शिजायला वेगवेगळा वेळ लागतो. हा रस्सा जमला की हात बसतो आणि बाकीच्या भाज्या सोप्या जातात.

साहित्य

चार माणसांना पोळी-भात दोन्हीबरोबर पुरेल इतकं हे प्रमाण आहे. वाटी म्हणजे आमटीची मध्यम वाटी, साधारण १५० मि.ली.ची. छोटा चमचा ५ मि.ली., मोठा १५ मि.ली.

भाजी: बटाटे २ मध्यम (पाव किलो), फ्लॉवरचे तुरे पाव किलो, मटार १ वाटी.

वाटण: कांदे २ मध्यम, किसलेलं सुकं खोबरं पाऊण वाटी, लसूण १० पाकळ्या, आलं १ इंच, तीळ १ छोटा चमचा, कोथिंबीर मूठभर (कोवळ्या देठांसकट), तेल १ मोठा चमचा.

फोडणी आणि रस्सा: तेल ३ मोठे चमचे, मोहरी आणि जिरं प्रत्येकी अर्धा छोटा चमचा, हिंग पाव छोटा चमचा, कढीपत्त्याची ८-१० पानं, हळद अर्धा छोटा चमचा, लाल तिखट २ छोटे चमचे, धनेपूड १ छोटा चमचा, गोडा किंवा काळा मसाला २ छोटे चमचे, टोमॅटो १ मोठा, मीठ २ सपाट छोटे चमचे, गूळ सुपारीएवढा, कढत पाणी ४ ते ५ वाट्या.

तिखटाबद्दल एक गोष्ट आधीच ठरवा. रंग हवा तर ब्याडगी, तिखटपणा हवा तर लवंगी किंवा गुंटूर. निम्मं ब्याडगी आणि निम्मं नेहमीचं तिखट घेतलं की रस्सा लालभडक दिसतो आणि लहान मुलांनाही खाता येतो. एकाच जातीच्या तिखटाने दोन्ही साधायला गेलं की प्रमाण वाढत जातं आणि रस्सा भगभगीत होतो.

खोबरं चाखून घ्या. आतून पिवळट पडलेली वाटी खवट असण्याची शक्यता मोठी. असं खोबरं कितीही भाजलं तरी तो वास जात नाही, उलट गरम रस्स्यात जास्त जाणवतो. तुकडा चावल्यावर घशाशी किंचित जरी खवखवलं तरी ते बाजूला ठेवा आणि त्याऐवजी शेंगदाण्याचा कूट वापरा.

भाजीची तयारी

बटाट्याच्या फोडी दीड इंचाच्या ठेवा. लहान केल्या तर फ्लॉवर शिजेपर्यंत त्या विरघळतात. चिरून झाल्या की पाण्यात टाका, नाहीतर हवा लागून काळ्या पडतात. फ्लॉवरचे तुरे फोडींपेक्षा थोडे मोठे असू द्या आणि गरम पाण्यात छोटा चमचाभर मीठ घालून दहा मिनिटं बुडवून ठेवा. दांड्यांच्या बेचक्यात दडलेल्या अळ्या पाण्यावर येतात. मग तुरे चाळणीत निथळा. मटार ताजे असतील तर सोलून तसेच, फ्रोजन असतील तर फ्रीजरमधून थेट कढईत. आधी बाहेर काढून ठेवलेले मटार सुरकुततात.

याच वेळी दुसऱ्या शेगडीवर पाणी तापत ठेवा. उकळत्या मसाल्यात गार पाणी ओतलं की सगळी कढई थंड पडते, भाजीचं शिजणं थांबतं, पुन्हा उकळी यायला पाच-सात मिनिटं जातात आणि तोवर बटाटा बाहेरून मऊ, आतून कच्चा राहतो. जुन्या हातांचा गरम पाण्याचा आग्रह उगाच नसतो.

वाटण: घाई इथे करायची नाही

क्रम असा: आधी तीळ, मग खोबरं, मग कांदा, शेवटी लसूण-आलं आणि कोथिंबीर. सगळं एकदम तव्यावर टाकलं तर तीळ जळतात तेव्हा कांदा अजून पांढराच असतो.

जाड लोखंडी तवा किंवा कढई मंद आचेवर तापवा. तीळ कोरडे टाका. एक-दोन तीळ उडाले की लगेच ताटलीत काढा. तांबूस दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, कारण गरम तव्यावरून उतरल्यावरही ते भाजत राहतात.

आता खोबऱ्याचा कीस. हात थांबवायचा नाही. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, मग एकाएकी कडा बदामी होतात आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात सगळा कीस रंग बदलतो. बदामी रंगावर काढा. काळपट ठिपके दिसले तर ते खोबरं वापरू नका. रस्स्याला येणाऱ्या कडूपणाचं सर्वांत नेहमीचं कारण हेच असतं आणि त्यावर नंतर इलाज नाही. वेळ असेल तर खोबऱ्याची अखंड वाटी चिमट्यात धरून थेट आचेवर भाजा. बाहेरचा पापुद्रा करपतो, तो चाकूने खरवडा आणि आतल्या भाजलेल्या खोबऱ्याचे काप करून वाटा. त्याला धुराचा जो वास येतो तो किसाला येत नाही.

त्याच तव्यात मोठा चमचाभर तेल घालून उभा चिरलेला कांदा टाका. चिमूटभर मीठ घाला. मिठाने कांद्याचं पाणी लवकर सुटतं, आणि पाणी निघून गेल्याशिवाय कांदा तांबूस होत नाही. आच मध्यम ठेवा. चार-पाच मिनिटांनी कांदा पारदर्शक होतो, आणि बरेच जण नेमके इथेच थांबतात. थांबू नका. आणखी सात-आठ मिनिटं परता. कडा तांबड्या आणि मधला भाग सोनेरी झाला, तव्यावरचा आवाज सळसळीवरून बारीक चरचरीवर आला आणि वास उग्राचा गोड झाला की कांदा तयार. मोठ्या आचेवर हे पाच मिनिटांत उरकता येतं असं वाटतं, पण तेव्हा कडा करपलेल्या आणि मधला भाग कच्चा असतो.

लसूण आणि आलं कांद्यातच टाकून दोन मिनिटं परता, गॅस बंद करा आणि मग कोथिंबीर घाला. तव्याच्या उरलेल्या उष्णतेने ती कोमेजते, तेवढं पुरे.

आता सगळं पूर्ण गार होऊ द्या. गरम कांदा मिक्सरच्या भांड्यात घातला की वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. वाटताना तीळ आणि खोबरं आधी कोरडं फिरवा, खोबऱ्याला थोडं तेल सुटू लागलं की कांदा घाला. सुरुवातीलाच पाणी घातलं तर खोबऱ्याचे कण पात्यांभोवती नुसते फिरत राहतात आणि रस्स्यात किसासारखे लागतात. पाणी घालायचं ते शेवटी, पाव वाटीच्या आत. बोटांच्या चिमटीत वाटण घेऊन चोळा. खसखशीएवढी कणी लागली तर चालेल, रव्याएवढी लागली तर आणखी फिरवा.

कच्चा कांदा वाटून नंतर परतला तर वेळ वाचेल असा विचार पुष्कळदा केला जातो. तसं करू नका. कच्चा कांदा मिक्सरमधून निघतो तेव्हा त्याला कडवट उग्रपणा आलेला असतो आणि तो घालवायला वीस मिनिटं परतावं लागतं.

फोडणी

जाड बुडाची कढई घ्या. पातळ स्टीलच्या भांड्यात मधोमध वाटण लागतं आणि कडेला कच्चं राहतं. लोखंडी कढई फोडणीला उत्तम, पण टोमॅटो-चिंचेचा रस्सा तिच्यात ठेवून देऊ नका, काळा पडतो आणि लोखंडाची चव उतरते. झाला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

तीन मोठे चमचे तेल तापवा. एक मोहरी टाकून पाहा, लगेच तडतडली तर बाकीची घाला. मोहरी तडतडून शांत होत आली की जिरं, मग हिंग, मग कढीपत्ता. अर्धवट तडतडलेली मोहरी दाताखाली कडू लागते. आता आच अगदी मंद करा आणि हळद, तिखट, धनेपूड घाला. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ नाही, म्हणून तिखट पाणी घालण्याआधी तेलात जायलाच हवं. पण तिथे ते दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त राहिलं की काळं पडतं. भरवसा नसेल तर तिखट छोट्या वाटीत दोन चमचे पाण्यात कालवून घाला. पाणी आटेपर्यंत तिखट जळत नाही आणि रंगही सुटतो. ही युक्ती नवशिक्यांनी पहिल्या दिवसापासून करावी.

तिखट पडल्यावर पंधरा सेकंदांच्या आत वाटण कढईत गेलं पाहिजे. म्हणजे वाटणाचं भांडं हाताशी, झाकण काढून, चमच्यासकट तयार हवं.

तेल सुटेपर्यंत परतणं म्हणजे काय

प्रत्येक कृतीत हे वाक्य असतं, पण ते दिसतं कसं हे क्वचितच कोणी सांगतं. वाटण घातल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं ते फदफदतं. मोठे, सुस्त बुडबुडे येऊन फुटतात, वाफ निघते आणि अंगावर शिंतोडे उडतात. वाटणात अजून पाणी असल्याची ही खूण. रंग फिका विटकरी दिसतो, तेल कुठेच दिसत नाही, कारण ते वाटणात मिसळून गेलेलं असतं. मध्यम आचेवर तळापासून परतत राहा.

पाचव्या मिनिटाच्या आसपास वाफ कमी होते. बुडबुडे बारीक आणि पुष्कळ होतात, आवाज फदफदीवरून तळणाच्या आवाजाकडे सरकतो. वाटण कढईच्या कडा सोडून मधे गोळा व्हायला लागतं आणि उलथणं फिरवल्यावर मागे उमटलेली वाट लगेच भरून येत नाही. या वाटेच्या दोन्ही काठांना तेलाचे बारीक, लालसर थेंब पाझरताना दिसले की तेल सुटायला लागलं. आणखी दोन मिनिटांत गोळ्याच्या कडेने तेलाची रेघ दिसते आणि रंग गडद होतो. एकूण सात ते नऊ मिनिटं.

मधेच वाटण तळाला धरायला लागलं तर मोठा चमचाभर गरम पाणी शिंपडा, खरवडा, पुन्हा परता. दोन-तीनदा असं करावं लागलं तरी बिघडत नाही, उलट तळाला चिकटलेला तांबूस थर सुटून रस्स्यात येतो आणि चव वाढते. मात्र तो थर काळा झाला असेल तर खरवडू नका. वरचं चांगलं वाटण दुसऱ्या भांड्यात काढून पुढे जा.

इथे तेल फारच कमी घेतलं तर तेल सुटणारच नाही, कारण सुटायला ते आहेच कुठे? कमी तेलात करायचं असेल तर दोन मोठे चमचे घ्या आणि तेलाच्या रेघेऐवजी वास, बारीक बुडबुडे आणि कडा सोडणं या खुणांवर जा. तर्री येणार नाही, चव येईल.

शेवटी गोडा किंवा काळा मसाला घाला आणि अर्धं मिनिट परता. यातले जिन्नस मसाला करताना भाजलेले असतात. त्यांना पुन्हा तळत ठेवलं तर दगडफूल, नागकेशराचा वास उडून जातो. कांदा-लसूण मसाला वापरत असाल तर तो याच टप्प्यावर घाला, पण त्यात मीठ असतं, तेव्हा पुढचं मीठ अर्ध्या चमच्याने कमी करा आणि फोडणीतलं तिखटही आधीच निम्मं घ्या.

भाजी, पाणी, आंबट

बटाट्याच्या फोडी निथळून मसाल्यात टाका आणि दोन मिनिटं परता, म्हणजे प्रत्येक फोडीला मसाला चिकटतो. मीठ दीड चमचा आत्ताच घाला. शेवटी घातलेलं मीठ रस्स्यात राहतं, बटाटा आतून अळणी लागतो. मग चार वाट्या कढत पाणी, उकळी, आणि झाकण ठेवून मध्यम-मंद आचेवर सहा-सात मिनिटं. सुरी फोडीत अर्ध्यापर्यंत गेली की फ्लॉवर टाका, आणखी पाच मिनिटांनी मटार आणि बारीक चिरलेला टोमॅटो. त्यानंतर पाच-सहा मिनिटं.

टोमॅटो इतक्या उशिरा का? आंबटाने भाज्यांचं मऊ होणं लांबतं. कच्च्या बटाट्याबरोबर पुष्कळ टोमॅटो किंवा चिंच घातली तर फोडी अर्धा तास उकळूनही टचटचीत राहतात, आणि दोष मात्र बटाट्याला दिला जातो. टोमॅटोचा कच्चेपणा नको असेल तर वाटणाबरोबर परता, पण मग एकच घ्या आणि बटाट्याला पाच मिनिटं जास्त द्या. चिंचेचा कोळ किंवा आमसूल मात्र नेहमी भाजी शिजल्यावरच घालायचं.

गूळ आंबटानंतर. सुपारीएवढ्या गुळाने रस्सा गोड होत नाही, तिखट आणि आंबट यांची धार तेवढी बसते. मग चव घ्या, उरलेलं मीठ लागेल तसं घाला, आच मंद करून झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं उकळू द्या. वर तवंग येतो तो याच वेळी. रस्सा पातळ वाटला तर बटाट्याच्या दोन फोडी कढईच्या कडेला दाबून मोडा आणि ढवळा, दोन मिनिटांत दाटपणा येतो. गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. या दहा मिनिटांत भाजी रस्सा शोषते आणि रस्सा एकजीव होतो. कोथिंबीर वाढताना.

कुकरमध्ये करायचं असेल तर परतण्यापर्यंत सगळं कुकरमध्येच करा, बटाट्याबरोबर तीन वाट्याच पाणी घाला, एक शिट्टी काढा आणि वाफ गेल्यावर फ्लॉवर-मटार टाकून उघड्या कुकरमध्ये शिजवा. फ्लॉवरला शिट्टी दिली तर त्याचा लगदा होतो.

दुसऱ्या भाज्या घेताना

वांगी: काटेरी, लहान, चार फाकांची. मिठाच्या पाण्यात ठेवा, परतलेल्या वाटणात टाकून तीन मिनिटं परता आणि तीनच वाट्या पाणी घाला. आठ-दहा मिनिटांत होतात. वांग्याला पाव वाटी शेंगदाण्याचा कूट फार शोभतो. कूट पाण्यानंतर घाला आणि मग तळापासून ढवळत राहा, तो लवकर लागतो.

शेवग्याच्या शेंगा: दोन-अडीच इंचाचे तुकडे, दहा-बारा मिनिटं. सालीची जाड शीर ओढून काढा, सगळी साल नको, नाहीतर शेंग रस्स्यात उलगडते.

दोडका, दुधी, लाल भोपळा: स्वतःचं पाणी सोडतात, म्हणून पाणी दीड ते दोन वाट्यांपेक्षा जास्त नको. भोपळ्याला गूळ वगळा.

गवार आणि घेवडा: शिरा काढून हाताने मोडा. गवार पंधरा मिनिटं तरी मागते. तिला गोडा मसाला, गूळ आणि थोडी चिंच हीच जोडी, खोबरं निम्मं केलं तरी चालतं.

सुरण: हा आंबटाच्या नियमाला अपवाद. त्यातल्या बारीक स्फटिकांमुळे घसा खाजतो. फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात आधी वेगळ्या उकडा, ते पाणी फेका, मग रस्स्यात घाला. चिरताना हाताला तेल लावा.

भेंडी: रस्स्यात घालायची तर आधी वेगळ्या तेलात तार जाईपर्यंत परता आणि शेवटच्या चार मिनिटांत चिंचेबरोबर टाका. कारली आणि पालेभाज्या यांच्यासाठी हे वाटण जड पडतं, त्यांच्या कृती वेगळ्याच असाव्यात.

कडधान्यं: पांढरे वाटाणे आणि छोले आठ तास भिजवून, चवळी चार-पाच तास. मीठ घालून कुकरमध्ये वेगळी शिजवा आणि शिजवलेलं पाणीच रस्स्याला वापरा. मोड आलेली मटकी थेट कढईत बारा-पंधरा मिनिटांत होते. बोअरचं पाणी जड असेल तर वाटाणे लवकर शिजत नाहीत, अशा वेळी आरओ यंत्रातलं पिण्याचं पाणी घ्या. राजम्याचं भिजवलेलं पाणी मात्र टाकून द्या आणि तो पूर्ण मऊ होईपर्यंत उकळा, अर्धकच्च्या राजम्याने उलट्या होतात.

आणि घरात भाजीच नसेल तर हाच रस्सा थोडा पातळ आणि तिखट करा, ताटात वाढताना जाड तिखट शेव घाला. खानदेशातली शेवभाजी याच वाटेने जाते, काळा मसाला थोडा सढळ हाताने. शेव कढईत टाकली तर तिचं पिठलं होतं. विदर्भात याच जागी बेसनाच्या वड्या येतात, ती पाटवडी.

प्रांताप्रमाणे वाटण बदलतं

कोकणात सुक्या खोबऱ्याऐवजी ओला नारळ, आंबटाला आमसूल आणि मसाला मालवणी. ओल्या नारळाला तांबूस होईपर्यंत भाजा, आणि तो रस्सा त्याच दिवशी संपवा, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो. मराठवाडा आणि सोलापूरकडे खोबरं कमी, शेंगदाणे जास्त. कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात कांदा-लसूण मसाल्याने अर्धं काम होतं.

कांदा-लसूण चालत नसेल त्या दिवशी वाटण नुसतं खोबरं, तीळ, आलं, धने-जिरं यांचं करा, गोडा मसाला वाढवा आणि चिंच-गूळ ठळक ठेवा. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी याच्या जवळची: वांगी, गाजर, पावटा, सोलाणे, घेवडा असं थंडीत जे मिळेल ते, आणि तिळाचा कूट दोन-तीन मोठे चमचे. गोव्याचं खतखतं आणखी पुढे जातं. कंद आणि भाज्या बऱ्याच, सोबत तूरडाळ, ओला नारळ, आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. तिरफळातली काळी बी काढून टाका, कडू असते.

बिघडलं तर

खारट झालं की कच्चा बटाटा टाका असं सांगतात. बटाटा खारट पाणी शोषतो, एकटं मीठ ओढून घेत नाही, उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. खरा उपाय म्हणजे रस्सा वाढवणं: गरम पाणी, थोडा शेंगदाण्याचा किंवा खोबऱ्याचा कूट, आणि पुन्हा उकळी. उकडलेला बटाटा मोडून घाला तो रस्सा दाट करण्यासाठी.

फार तिखट झालं तर पाण्याने भागत नाही, तिखटपणा स्निग्धात मिसळतो. दोन चमचे खोबरं दुधात किंवा पाण्यात बारीक वाटून घाला, किंवा वाढताना साजूक तूप. गुळाचा आणखी एक खडा.

रस्सा फुटून पाणी आणि चोथा वेगळा झाला असेल तर वाटण भरड राहिलं आहे किंवा कमी परतलं गेलं आहे. पळीभर रस्सा फोडींशिवाय काढून गार करा, मिक्सरमधून फिरवून परत घाला आणि पाच मिनिटं उकळा. कच्च्या कांद्याचा वास येत असेल तर झाकण काढून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकळा. पूर्ण जात नाही, पण खाण्यासारखं होतं.

कडू झालं असेल तर आधी कशाने ते ओळखा. मेथी-मोहरीची किंचित कडवट चव गुळाने झाकते. करपलेलं खोबरं, लसूण किंवा तिखट असेल तर काहीही घालू नका. फोडी उचलून धुवा आणि नव्या फोडणीत साधी सुकी भाजी करा.

साठवण आणि उरलेलं

आठवड्याचं वाटण एकदाच करायचं तर वाटल्यावर पाणी न घालता तेल सुटेपर्यंत परतूनच ठेवा. कोरड्या काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतं, कोरडा चमचा वापरा. त्यापेक्षा जास्त दिवसांसाठी बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा आणि घट्ट झाल्यावर वड्या पिशवीत काढा. पाव किलो भाजीला तीन ते चार वड्या लागतात. नंतर फोडणी करायची, वड्या तशाच टाकायच्या, विरघळून पुन्हा तेल दिसलं की भाजी घालायची.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी दाट होतो, कारण बटाटा आणि खोबरं पाणी पीत राहतात. गरम करताना अर्धी वाटी कढत पाणी घाला, एक दणदणीत उकळी आणा आणि मीठ पुन्हा चाखा.

परदेशात करताना खोबऱ्याचा तयार कीस घ्याल तेव्हा साखर न घातलेलाच घ्या. केक-बिस्किटांसाठीचा गोड कीस भाजताना क्षणात काळा पडतो. हा कीस बारीक असतो, त्यामुळे दीड-दोन मिनिटांतच बदामी होतो. विजेच्या शेगडीवर आच कमी केली तरी तबकडी काही वेळ तापलेलीच राहते, तेव्हा तिखट घालताना नुसती आच कमी करू नका, कढई उचलून बाजूला घ्या, तिखट घाला, ढवळा, वाटण टाका आणि मगच परत ठेवा.